उसवलं, फाटलं की विरलं?

बाबू,

तुझा मेसेज बघितला, जीन्स फाटली आता टाकून देतो म्हणून. एवढ्यात टाकू नकोस. फोटो अंधारात काढलायस, नीट कळत नाही म्हणून विचारते, उसवलीय, फाटलीय की विरलीय? तुझी आजी कोणी काही शिवायला आणलं की आधी ते पडवीत उजेडाला धरायची आणि मला म्हणायची, "आधी बघ काय झालाहा ता, मगे सुई घे." मला तेव्हा वाटायचं किती वेळ घालवते ही, पण सगळं शिवणकाम तिथेच ठरतं रे.

उसवलं असेल तर काहीच काळजी नाही, कापड चांगलं आहे फक्त दोरा गेलाय. पँट उलटी कर, जिथे उसवलंय त्याच्या अर्धा इंच आधीपासून जुन्या टिपेवरूनच सुरू कर आणि पलीकडेही अर्धा इंच पुढे जा. साधा धावदोरा घालू नकोस, तो एका जागी तुटला की सगळाच सरकत निघून येतो. उलटी टीप घाल, म्हणजे सुई एक टाका पुढे वर काढायची आणि परत मागच्या टाक्याच्या टोकापाशी खाली घालायची. दोरा हातभरच घे, लांब घेतलास तर गुंता होऊन वैतागशील. आणि पॉलिस्टरचा घे, सुतीपेक्षा दणकट असतो.

पण मला वाटतं तुझी विरलीय. बाइकवर बसून बसून मांड्यांच्या मध्ये घासते ना, तिथेच जाते. जीन्सचे उभे धागे निळे आणि आडवे पांढरे असतात, घासून निळे झिजतात आणि मग नुसते पांढरे दोरे लोंबत राहतात, तसं दिसतंय का बघ. दिसत असेल तर ते पांढरे दोरे कापू नकोस हां, त्यांनाच धरून शिवायचंय.

लग्नानंतर पहिल्यांदा मी तुझ्या बाबांच्या अशाच विरलेल्या पँटची भोकाची दोन टोकं ओढून एकत्र शिवली होती, छान घट्ट, आणि पुढच्याच धुण्यात माझ्या टाक्यांच्या बाजूने सरळ फाटली. मला रडूच आलं. मग बाबा मला बंदरावर घेऊन गेले, जून महिना, होड्या वर ओढलेल्या आणि माणसं जाळी सांधत बसलेली. जाळ्याला भोक पडलं की ते लोक आधी ते आणखी मोठं करतात, कमकुवत दोरे कापत कापत चांगल्या गाठीपर्यंत जातात आणि तिथून विणायला लागतात. कापडाचं भोक मोठं करायचं नसतं, पण ठिगळ मात्र चांगल्या कापडापर्यंत गेलंच पाहिजे. भोकापेक्षा सगळीकडून निदान इंचभर मोठं घे, कोपरे गोल काप, आतून लाव, आणि ठिगळाचा उभा धागा पँटच्या उभ्या धाग्याला जुळव नाहीतर ताण वेडावाकडा येतो. नवं कापड असेल तर आधी धुऊन घे, नंतर आटलं की चुण्या पडतात. आधी कडेने कच्चा टाका घालून बसव, मग विरलेल्या जागेवर जवळजवळ ओळी मारत जा, एकदा उभ्या एकदा आडव्या. दोरा खेचू नकोस.

खिशाच्या कोपऱ्यावर तांब्याचे ठोकळे असतात ना, रिव्हेट, ते शोभेसाठी नाहीत. जेकब डेव्हिस नावाच्या अमेरिकेतल्या एका शिंप्याने खिसे फाटतात म्हणून ते मारायला सुरुवात केली आणि १८७३ मध्ये लेवी स्ट्रॉसबरोबर त्याचं पेटंट घेतलं. शिंप्यालाच कळतं ताण कुठे येतो ते, मला फार आवडते ही गोष्ट.

खिळ्याला अडकून फाटलं असेल तर रफू, पण ते पत्रात सांगून जमणार नाही, गणपतीला आलास की बसून दाखवते.

शेजारच्या काकू मशीन देतात म्हणालास तर जीन्ससाठी १६ नंबरची सुई लाव, शर्टाला १४ चालते. टीशर्टला साधी सुई अजिबात नको, ती विणीचे धागेच तोडते आणि बारीक भोकं पडतात, त्याला बॉलपॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची, सुई मागून घे. खालून दोऱ्याचे लूप यायला लागले तर बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाला, हात लावू नकोस, बहुतेक वरचा दोरा चुकलेला असतो, परत ओवून बघ. आणि मशीन करकरलं तर खोबरेल घालू नकोस!! आपल्याकडे हाताशी असतं म्हणून सगळे घालतात, थंडीत ते थिजतं आणि मशीन जाम होतं. मशीनचंच तेल, थेंब थेंब, आणि मग आधी चिंधीवर टीप मारून बघ.

उद्या रात्रीच्या गाडीने पिशवी पाठवतेय. तुझ्या जुन्या जीन्सचा पाय कापून ठेवला होता तो ठिगळासाठी, निळा दोरा, सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं अंगुस्तान, आणि सुया तेलाच्या फडक्यात गुंडाळल्यात, इथल्या खाऱ्या हवेत गंजतात म्हणून, तेव्हा आधी पुसून घे.

शिवून झालं की फोटो पाठव. आतल्या बाजूचा.

आई