अहमदाबादला जाताय तर

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबांनी पाठवलेली यादी पाहिली. साबरमती आश्रम, अडालजची बारव, सगळं राहू द्या. पण जुन्या शहराला एका दुपारचे दोन तास दिलेत, तेवढे बदला. दुपारी तिथे ऊन, हॉर्न आणि गर्दी याशिवाय काही हाती लागत नाही. सकाळी सात ते दहा आणि रात्री नऊनंतर, या दोन वेळा तिथल्या. मधल्या वेळात खोलीवर ताणून द्या.

पहिल्या सकाळी रिक्षावाल्याला नुसतं ‘कालुपूर’ सांगू नका, तो रेल्वे स्टेशनवर नेईल. ‘कालुपूर स्वामिनारायण मंदिर’ सांगा. महापालिकेचा हेरिटेज वॉक १९९७ पासून तिथूनच निघतो आणि जामा मशिदीपाशी संपतो. दोन-अडीच तास लागतात. निघायची वेळ आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्या. पहिल्या दिवशी या वॉकबरोबरच जा, कारण पोळांची, म्हणजे जुन्या शहरातल्या दाट घरांच्या गल्लीवजा वस्त्यांची, रचना नवख्याला चकवते. पोळेला बहुधा एकच मोठा दरवाजा, आत फाटे फुटत जातात आणि शेवटी भिंत येते. काही ठिकाणी एखाद्या घराच्या बाजूने पलीकडच्या पोळेत जायची चोरवाट असते. ती फोनवरचा नकाशा दाखवत नाही. दुसऱ्या दिवशी दोघंच फिरलात तर आत शिरताना चबुतरा, म्हणजे खांबावरचं पाखरांचं दाणाघर, नीट पाहून ठेवा. परतताना खूण पटते. गल्लीत स्कूटर आली की भिंतीला चिकटून उभं राहा, पळू नका. चालवणाऱ्याला नेमकं तेच अवघड जातं. ओट्यावर टेकायचं असेल तर घरातल्यांना विचारा. जुन्या घराचा चौक बघायला मिळाला तर त्याखालचं टाकं दाखवा म्हणावं. छपरावरचं पावसाचं पाणी त्यात साठवत.

बूट नाडीचे नकोत, मंदिर आणि मशीद दोन्हीकडे काढावे लागतात. उन्हात जामा मशिदीचं अंगण तापतं, पिशवीत मोजे ठेवा. शुक्रवारी दुपारी तिकडे जाऊच नका, नमाज असते. स्वच्छतागृहाची सोय हॉटेलवरच उरकून निघा, पोळांत पंचाईत होते.

आई, ‘तीन दरवाजा’पाशी, म्हणजे तीन कमानींच्या जुन्या वेशीपाशी, थांबशील. मराठ्यांच्या अमलातला १८१२ सालचा लेख आहे तिथे, तेव्हाचे सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांचा: मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा द्यावा. बाबांना मुद्दाम वाचायला लाव.

आता खाणं. फाफडा सकाळीच, आणि समोर तळून निघतोय तिथेच. पाटावर तळव्याने ओढलेली बेसनाची पट्टी गरम असेपर्यंतच खुसखुशीत, मग चिवट होते. सोबत कच्च्या पपईचा संभारो, तळलेली मिरची आणि बेसनाची पातळ कढी. जिलबी बाबांनी अर्धीच. तिथे डाळीतही गूळ असतो, हे हिशेबात धरा.

खमण घेताना दोन प्रकार ओळखा. नायलॉन खमण बेसनाचं, सोड्यावर फुगवलेलं, पिवळंधमक आणि जाळीदार. वाटी दाळचं खमण भिजवलेली हरभऱ्याची डाळ वाटून, आंबवून करतात. ते फिकट, जरा भरड आणि पोटभरीचं. मला विचाराल तर हेच घ्या. वडीवर तांबडे ठिपके दिसले तर सोडा नीट मिसळलेला नाही. हळद सोड्याने लाल होते, आणि चवही साबणासारखी लागते.

माणेक चौकात दिवसा सराफांची दुकानं. ती बंद झाली की रात्री खाण्याच्या गाड्या लागतात. खुर्च्या ज्या त्या गाडीवाल्याच्या असतात, म्हणून आधी चौकभर एक फेरी मारा, मग बसा. मेन्यूकार्ड पुढे करून हाका मारतील, बिनधास्त पुढे चला. पावभाजी, डोसा, घुघरा सँडविच, सगळ्यावर लोण्याचा आणि चीजचा मारा असतो. ‘बटर ओछुं’ (लोणी कमी) हे शब्द तवा तापायच्या आत सांगायचे, नंतर उपयोग नाही. दोघांत एकच डिश मागवा आणि वर कुल्फीला जागा ठेवा. पाणी बाटलीबंदच, बर्फाचा गोळा नको.

येताना फाफडा बांधून आणू नका, गाडीतच मऊ पडेल. खाखरा मात्र डब्यात कितीतरी दिवस टिकतो. मेथीचे दोन पुडे माझ्यासाठी जास्त घ्या.

तुमची,
मनू