पक्या, सोयाबीननं तुझी बाजू घेतली

आर्वी,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय पक्या,

आठ महिने पत्र नाही. शिव्या नंतर दे, आधी ऐक. मी बरा आहे, बाबांची शुगर जिथल्या तिथं.

शेठच्या काट्यावरचा पावतीचा प्रोग्राम तुला माहीतच आहे. त्यात 'माल' हा बाप-क्लास, म्हणजे कोडमधला मूळ साचा. कापूस, तूर, सोयाबीन त्याची लेकरं. गच्चीवर तू घसा फोडून सांगायचास, लेका, ऊठसूट एक्सटेंड्स लिहू नको, म्हणजे एका क्लासला दुसऱ्याचं लेकरू करू नको, बापाचं सगळंच त्याच्यात येतं. जावा या कोडच्या भाषेतला स्टॅक म्हणजे पोत्यांची थप्पी, वरचंच पोतं काढायचं. पण त्याला व्हेक्टरचा, म्हणजे कुठूनही काढता येणाऱ्या यादीचा, लेक केला, म्हणून मधलंही ओढता येतं. मी हसलो होतो. वर तुझी पोळीही पळवली होती.

मंगळवारी कापसाची ओलाव्याची कपात घालायची होती. हमीभावाच्या खरेदीत 8 टक्के ओलावा चालतो, पुढं 12 पर्यंत टक्क्यामागे पैसे कापतात. शेठलाही तसंच पाहिजे. मी आळशानं ते थेट 'माल'मध्ये टाकलं. सोयाबीनची तर नेहमीची मर्यादाच 12! पण लेकरानं बापाचं मुकाट्यानं घेतलं. दोन दिवस चांगलं वाळलेलं सोयाबीन कापलं गेलं, एक एरर नाही. सापडलं ते काकाच्या पावतीवर. "काहून रे, उनात वायवलेलं सोयाबीन ओलं कसं निंघालं?"

वावर नावावर येतं तेव्हा सातबाऱ्यावरचा बोजाही येतो, हे मला, शेतकऱ्याच्या पोराला, कळू नये?

काल रात्रभर बसून बदललं. कपातीचा नियम आता वेगळा, ज्याचा त्याला जोडतो, बंडीला बैल जुंपावे तसा. पावती छापणं मात्र बापाकडेच ठेवलंय. तेवढ्यासाठी भांडायला ये.

पण कोड सुधारला म्हणून पैसे परत जात नाहीत ना. 31 पावत्या आहेत. शेठ म्हणतो, कुणी विचारलं तर देऊ. न विचारणारे कोण, तर ज्यांना पावती वाचता येत नाही ते. गज्याचे सासरे त्यातच. चूक माझी, पैसा शेठच्या गल्ल्यात, आणि रस्त्यात मान खाली घालून मी फिरतो.

वहिनी, बाळ ठीक ना? नाव काय ठेवलं? पुण्यातली नवी नोकरी कशी, तेही लिही.

त्या 31 पावत्यांची यादी छापून ठेवली आहे. उद्या काटा सुरू व्हायच्या आत भिंतीवर लावतो. काम गेलं तर तुझ्याकडे येतो, पोळ्या जास्त करून ठेव.

तुझा,
बंड्या