लयबदलाची नोंद केवळ शब्दांत नको

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरचे पाश्चात्त्य स्वरलेखन) हाताने उतरवण्याची पद्धत मागे पडली असून संगीतरचनाकार, वाद्यवृंद संयोजक आणि शिक्षक आता बहुतांशी म्यूजस्कोअर, सिबेलियस, डोरिको अशा सॉफ्टवेअरवरच काम करतात. या फाइलींमध्ये स्वरांची जेवढी काळजी घेतली जाते तेवढी लयबदलाची घेतली जात नाही, आणि त्याचा त्रास त्याच फाइलवर सराव करणाऱ्या गायक-वादकांना होतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

नेहमी आढळणारी चूक अशी. चोविसाव्या बारवर (उभ्या रेघांनी पाडलेल्या कप्प्यावर) लय उतरवायची, म्हणजे मंदावायची असते आणि रचनाकार साध्या मजकुराच्या साधनाने तेथे ‘रिट.’ (लय हळूहळू मंदावण्याची खूण) असे टाइप करतो. कागदावर ते बरोबर दिसते, परंतु सॉफ्टवेअरच्या लेखी तो निव्वळ मजकूर असतो, त्यामुळे प्लेबॅक (सॉफ्टवेअरने वाजवून दाखवलेली रचना) मिनिटाला ९६ ठोक्यांच्या गतीने तसाच पुढे जातो. शिवाय असा मजकूर एकाच स्टाफला जोडलेला असल्यामुळे सुटे पार्ट (प्रत्येक वाद्याची वेगळी पाने) काढले की ‘रिट.’ केवळ पहिल्या व्हायोलिनच्या पानावर उमटते आणि चेलोवादकाला पुढे लय उतरणार आहे याचा पत्ताच लागत नाही. हीच सूचना टेम्पोच्या साधनाने दिली तर ती सर्व पार्टमध्ये पोहोचते.

हळूहळू होणाऱ्या बदलाला प्रारंभ, शेवट आणि गाठायची गती या तिन्ही गोष्टी सांगाव्या लागतात. पूर्वी म्यूजस्कोअरमध्ये त्यासाठी दर ठोक्यावर ९२, ८८, ८४ असे आकडे टाकून ते लपवावे लागत. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून ‘रिट.’ची रेघच प्लेबॅकमध्ये लय उतरवते, तरीही लपवलेल्या आकड्यांची सवय अनेकांना सोडवत नाही. पुढे कोणी त्या जागी फेरफार केला की हे आकडे भलत्याच ठिकाणी राहतात, आणि पानावर काहीच दिसत नसल्याने लय मध्येच का अडखळते हे शोधण्यात वेळ जातो. उतार संपल्यावर पूर्वीच्या लयीवर परतण्याची सूचनाही खरी टेम्पोखूण म्हणूनच द्यायला हवी, नाहीतर उरलेली सबंध रचना उतरलेल्या गतीनेच वाजत राहते.

तालचिन्ह बदलते तेथे आणखी जपावे लागते. ४/४ मध्ये क्वार्टर नोट (तेथील एका ठोक्याचा स्वर) मिनिटाला ६० असताना पुढे ६/८ आले आणि नवी खूण दिली नाही, तर सॉफ्टवेअर सामान्यतः क्वार्टरचीच गती धरून ठेवते, म्हणजे डॉटेड क्वार्टरचे (दीड क्वार्टरएवढे) ठोके मिनिटाला ४० पडतात. रचनाकाराच्या मनात मात्र पुष्कळदा ठोका तोच ठेवून डॉटेड क्वार्टर ६० असते. हे समीकरण त्या बारवर स्पष्ट लिहिले नाही तर वाद्यवृंदातील निम्मे जण एका लयीत आणि निम्मे दुसऱ्या लयीत शिरतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये फिनाले या नोटेशन सॉफ्टवेअरचा विकास थांबवल्याची घोषणा झाली आणि अनेकांना आपला जुना संग्रह दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये न्यावा लागत आहे, त्यामुळे हा विषय आजच निकडीचा झाला आहे. हे स्थलांतर मुख्यतः म्यूझिकएक्सएमएल या देवाणघेवाणीच्या फाइल-प्रकारातून होते, आणि त्यात पानावर दिसणारे शब्द व प्लेबॅकचा आकडा यांची नोंद वेगवेगळी असते, त्यामुळे एक पोहोचून दुसरे मागे राहू शकते. मिडी फाइलमध्ये (वाजवण्याच्या सूचनांच्या फाइलमध्ये) तर गतीसाठी क्वार्टर नोटला किती मायक्रोसेकंद एवढेच नोंदले जाते (१२० गतीसाठी ५,००,०००), त्यामुळे सलग उतार तेथे लहान लहान पायऱ्यांच्या रूपाने जातो आणि त्या पायऱ्यांवरून मूळचे ‘रिट.’ परत मिळत नाही. म्हणून मूळ फाइल चालू आहे तोवरच तिची पीडीएफ आणि ध्वनिफीत काढून ठेवावी आणि नवी फाइल त्यांच्याशी ताडून पाहावी.

प्लेबॅक म्हणजे मैफल नव्हे आणि लय शेवटी संचालकच ठरवणार, असे यावर म्हटले जाते. कलाकाराने उत्स्फूर्तपणे केलेली लयीची ओढाताण फाइलमध्ये कोंबू नये, हे मलाही मान्य आहे. परंतु रचनाकाराने जाणीवपूर्वक योजलेला लयबदल हा रचनेचाच भाग असतो. मेल्झेलने १८१५ मध्ये मेट्रोनोमचे (ठरावीक गतीने ठोके देणाऱ्या यंत्राचे) पेटंट घेतल्यावर दोनच वर्षांत बेथोव्हेनने आपल्या पहिल्या आठ सिंफनींसाठी गतीचे आकडे प्रसिद्ध केले, ते याच आस्थेने.

नोटेशन शिकवणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे की विद्यार्थ्यांचे काम तपासताना केवळ छापील पान पाहू नये. प्लेबॅक आरंभापासून अखेरपर्यंत ऐकावा, किमान दोन सुटे पार्ट उघडून लयीच्या सर्व खुणा त्यांत आल्या आहेत का ते पाहावे, आणि लपवलेले आकडे असतील तर त्यांचे कारण विद्यार्थ्याकडून लेखी घ्यावे.

आपला विश्वासू,
स्टाफ नोटेशनचा एक शिक्षक