वाढदिवसाचा केक आणि बिझनेस प्रमोशन

संपादक साहेब,

मी अंबड एमआयडीसीत 19 वर्षं छोट्या कारखान्यांची अकाउंट्स लिहितोय, त्यामुळे हे ऐकीव नाही. मागच्या महिन्यात एका मालकांनी गंगापूर धरणाकडच्या रिसॉर्टचं 48 हजारांचं बिल हातात ठेवलं, म्हणाले बिझनेस प्रमोशनला, म्हणजे धंदा वाढवायच्या खर्चात टाका. बिलात खाली एक ओळ, एगलेस चॉकलेट केक दोन किलो, आणि फुग्यांचं डेकोरेशन वेगळं. मी म्हटलं शेठ, यात कस्टमर कोण होता? तर हसले, अहो मेहुणा सप्लायरच आहे ना आपला! टाकली एंट्री, पगार तेच देतात.

इन्कम टॅक्सचा कायदा वाईट आहे असं नाही. 1961 पासून अट आहे की खर्च पूर्णपणे आणि फक्त धंद्यासाठीच झालेला पाहिजे, घरगुती चालणार नाही. पण टेबलावर कोण बसलं होतं ते बिल थोडंच सांगतं. गंमत म्हणजे याच जेवणाच्या बिलावर जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही, क्लबची मेंबरशिप, मालकाची कार सगळं तिकडे ब्लॉक, आणि इन्कम टॅक्सला मात्र तेच बिल, वर तो न मिळालेला जीएसटीसुद्धा, खर्चात धरून नफ्यातून वजा करायला मोकळे. 30 टक्के स्लॅबवाल्याचे 48 हजारांमागे 14,400 सरळ वाचले.

माझा धाकटा भाऊ सातपूरला नोकरीला आहे. इन्कम टॅक्सच्या नव्या रिजीममध्ये त्याला वर्षाला 75 हजार स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे पगारातून सरसकट वजावट, विषय संपला. पोरीचा वाढदिवस त्यानं पण केला, घरीच, पावभाजी.

पूर्वी एंटरटेनमेंटच्या, म्हणजे पाहुणचाराच्या खर्चाला मर्यादा होती, ती 1998 पासून काढली. मग 2005 ला फ्रिंज बेनिफिट टॅक्स, म्हणजे असल्या खर्चांवर आणि स्टाफच्या सवलतींवर मालकानं भरायचा टॅक्स, आला, 2009 ला गेला, आणि गेला ते बरंच झालं कारण खर्चाची हेडं वेगळी करता करता आमचा जीव जायचा. तो परत नकोच. पण हॉटेल, रिसॉर्ट, क्लबचा खर्च निम्माच धरा आणि बिलामागे पाहुण्याचं नाव, फर्म आणि काम काय होतं एवढं लिहिणं सक्तीचं करा. पुण्याहून मशीन बघायला आलेल्या माणसाला मिसळ खाऊ घातली तर हे लिहायला कितीसा वेळ लागतो? आणि मलाही मग बिल परत देता येईल, शेठ, मागे नाव टाकून द्या म्हणून.

— एक अकाउंटंट, सिडको, नाशिक