सेंटेड कँडल गिफ्ट द्या, पण लावायची कशी तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत दिवाळी गिफ्टचं पान होतं, त्यात सेंटेड कँडल्सचे मस्त फोटो होते आणि खाली एक ओळ होती की रात्री झोपताना बेडरूममध्ये लावा, छान झोप लागते. ती ओळ वाचली आणि राहवेना म्हणून हे पत्र. मी डोंबिवलीत घरीच कँडल बनवते आणि प्रदर्शनांमधून विकते, म्हणजे कँडल जितक्या खपतील तितका माझाच फायदा, तरीपण सांगते की पेटती कँडल ठेवून झोपायचं नाही म्हणजे नाही. ज्या खोलीत कँडल पेटलीये तिथे एक तरी मोठं माणूस जागं पाहिजे. वासच हवा असेल तर आधी तास-दोन तास लावा, विझवा आणि मग झोपा, वास खोलीत राहतोच.

आता लिहायला बसलेच आहे तर बाकीचंही लिहून टाकते, कारण कँडल द्यायची पद्धत सगळीकडे आली पण ती लावायची कशी हे कुणी सांगतच नाही. सूचना असतात, नाही असं नाही, पण बऱ्याचदा जारच्या बुडाला बारीक इंग्रजी अक्षरात, आणि ज्या मावशी-आजींच्या हातात ती पडते त्या जार उलटा करून चष्मा लावून वाचणार आहेत का?

ठाण्याच्या एका प्रदर्शनात एक काकू आधी नेलेला जार परत घेऊन आल्या. "अगं तुझी कँडल बेकार निघाली, वास पण येत नाही नि आता पेटत पण नाही." बघितलं तर मधोमध बोटभर रुंद खड्डा, भोवती मेणाची जाड भिंत जशीच्या तशी, आणि वात खाली वितळून परत गोठलेल्या मेणात गाडली गेलेली. विचारलं, रोज किती वेळ लावता? तर म्हणे संध्याकाळी देवाजवळ दिवा लावते तेव्हा लावते, आरती झाली की विझवते, उगाच वाया कशाला घालवायची. आणि फॅन? फॅन चालूच असतो की गं, उकडतं केवढं.

काकूंचं चुकलं असं मी म्हणणार नाही, आपण सगळे जपूनच वापरतो, पण सेंटेड कँडलला ही काटकसर चालत नाही. पहिल्यांदा लावाल तेव्हा वरचं मेण पार काचेच्या कडेपर्यंत वितळेपर्यंत ती चालू ठेवायची. साधा हिशेब म्हणजे जारची रुंदी जितके इंच तितके तास, आपला नेहमीचा तीन इंची जार असेल तर तीनेक तास. पहिल्या वेळी मेण जेवढ्या गोलात वितळतं त्याच गोलात पुढेही वितळत राहतं, म्हणून दहा मिनिटांत विझवलीत की मध्ये खड्डा पडायला सुरुवात होते, याला आम्ही टनेलिंग म्हणतो. आणि वास जो येतो तो जास्त करून त्या वितळलेल्या मेणाच्या तळ्यातून येतो, ज्योतीतून नाही, त्यामुळे तळं छोटं तर वासही छोटा. तेवढा वेळ घरात नसाल तर त्या दिवशी लावूच नका, रविवारी लावा.

काकूंचा जार तिथेच ठीक केला. वातीभोवतीचं थोडं मेण चमच्याने काढून तिचं टोक मोकळं केलं, पेटवली, आणि पोळ्या गुंडाळतो ती फॉइल जारच्या तोंडावर कडेकडेने दुमडून मध्ये रुपयापेक्षा मोठं भोक ठेवलं. आत उष्णता कोंडते आणि कडेचं मेण हळूहळू खाली येतं. तासाभराने कडेपर्यंत सपाट झालं. फक्त हे करताना समोर बसून राहायचं, फॉइल नि जार दोन्ही चांगलेच तापतात, आणि भोक बारीक ठेवलंत तर हवा न मिळून ज्योतच विझते.

आता फॅन. आपल्याकडे कँडल खराब व्हायचं सगळ्यात मोठं कारण फॅन आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि परदेशी व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांना ते कळत नाही कारण तिकडे डोक्यावर फुल्ल स्पीडचा फॅन नसतो. कँडलमध्ये मेण नुसतं वितळून जळत नाही, वितळलेलं मेण वातीतून वर चढतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. मायकल फॅरेडेने १८४८ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी नुसत्या मेणबत्तीवर व्याख्यानं दिली होती, त्यात त्याने दाखवलं होतं की विझवल्यावर जो पांढरा धूर वर जातो त्याला काडी लावली तर ज्योत त्या धुरावरून खाली येऊन वात परत पेटते. म्हणजे तो धूर म्हणजे न जळालेलं मेणच. वाऱ्याने ज्योत फडफडली की हे जळणं अर्धवट होतं आणि काजळी धरते, आधी काचेवर आणि मग तुमच्या नव्या पांढऱ्या पीओपीवर. मेणही एका बाजूने वितळतं आणि तीच बाजू जास्त तापून काच तडकू शकते. तेव्हा फॅनखाली, खिडकीत, एसीच्या झोतात नको. पण खोली गच्च बंद करूनही बसू नका, लांबची एखादी खिडकी किलकिली असू दे, आणि घरात दम्याचं माणूस, तान्हं बाळ, मांजर नाहीतर पक्षी असेल तर त्या खोलीत लावूच नका.

दर वेळी लावायच्या आधी वात कापायची, पाव इंच म्हणजे पाच-सहा मिलीमीटर ठेवून. महागडं विक ट्रिमर घ्यायची काही गरज नाही, जुनं नेलकटर चालतं. वातीच्या टोकाला काळं मशरूमसारखं बोंड येतं ते कार्बन असतं, तसंच पेटवलं तर ज्योत मोठी होते, धूर करते आणि ते बोंड मेणात पडतं. आपल्या आज्या समईची काजळी झाडायच्याच ना, आणि दिवा फुंकून विझवू नये असंही सांगायच्या, तेही इथे पाळा कारण फुंकरीने गरम मेण उडतं आणि घरभर तो जळका वास. जारचं झाकण ठेवा (प्लास्टिकचं नको), नाहीतर चिमट्याने वात मेणात बुडवून लगेच सरळ करा, धूरच येत नाही.

एका वेळी चार तासांच्या वर नको. पडद्यापासून, पुस्तकांपासून फूटभर लांब, आणि खाली बशी. लोडशेडिंगच्या काळात टीव्हीवर, फ्रिजवर, खिडकीच्या कठड्यावर मेणाचा थेंब पाडून मेणबत्ती चिकटवायची जी सवय लागली ती काही घरांमधून अजून गेलेली नाही. तळाला अर्धा इंच मेण उरलं की ती कँडल संपली असं समजायचं, शेवटच्या थेंबापर्यंत जाळलीत तर बुडाची काच तापून फुटते. आणि कधी अख्खं मेणच पेटलं तर पाणी अजिबात ओतायचं नाही, पाण्याची वाफ होऊन पेटतं मेण चहूकडे उडतं, कढईतल्या तेलाला जो नियम तोच इथे. वरून ताट झाकायचं आणि जार हलवायचा नाही.

आता माझ्याच धंद्यातल्या लोकांबद्दल, रागावले तर रागावू देत. कँडलवर सुकलेल्या गुलाबपाकळ्या, दालचिनीचे तुकडे, लव्हेंडरच्या काड्या पेरतात, फोटोत सुंदर दिसतं पण ज्योत तिथपर्यंत पोचली की पाकळीच पेटते. तुमच्या हॅम्परमध्ये अशी आली तर वरचं सगळं काढून मग लावा. दुसरं म्हणजे सोयाबीनच्या तेलापासून बनवलेल्या मेणाबद्दल सांगतात, "सोया आहे, केमिकल फ्री, धूर होतच नाही". अहो, वात लांब ठेवली तर कुठलंही मेण काजळी करतं. आणि ते मोतीचूर लाडू नि मोदकाच्या आकाराचे कँडल, हुबेहूब मिठाईसारखे आणि वर केशर-वेलचीचा वास, ते फराळाच्या ताटाशेजारी मांडून फोटो काढतात लोक. लहान मूल घरात असताना हे कसं सुचतं मला खरंच कळत नाही.

सोया कँडलवर पांढरी फुलं येतात ती बुरशी नव्हे, मेणाचे स्फटिक असतात, फेकू नका. आणि सोया मेण पन्नास डिग्रीच्या आसपास वितळतं, त्यामुळे नागपूर-चंद्रपूरच्या नातेवाईकांना मे महिन्यात कुरियरने पाठवू नका नि उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.

तुमच्याकडे एवढीच विनंती आहे की दिवाळीच्या आधीच्या रविवारी एक छोटी चौकट छापा, पहिल्यांदा कडेपर्यंत, वात पाव इंच, फॅनपासून लांब, चार तास, झोपायच्या आधी बंद, एवढं पाच ओळींत बसतं. ती बेडरूमवाली ओळ चुकीची होती हेही त्याच चौकटीत लिहाल तर बरं. माझ्या कँडलवर मी या दिवाळीपासून मराठी कार्ड बांधून देणार आहे, दुसऱ्या कुणा बनवणाऱ्यांना मजकूर हवा असेल तर हाच उचला, माझी काही हरकत नाही.

कळावे,
एक कँडलवाली, डोंबिवली पूर्व