शेवटचं पान आधी वाचणाऱ्या मित्रास

सोलापूर
२० जानेवारी

प्रिय अव्या,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, तक्रार अर्जच तो. मी सुचवलेली कादंबरी तू रात्री जागून संपवलीस, शेवट अजिबात पटला नाही, आणि लेखकानं ऐन वेळी हात वर केले म्हणून राग माझ्यावर काढलास. काढ. पण एक खरं सांग बे, शेवटचं पान तू आधीच वाचून ठेवलं होतंस की नाही?

कॉलेजपासूनची तुझी खोड ती. पुस्तक हातात पडलं की मागून उघडायचं, वाचनालयाच्या जिन्यातच उभ्या उभ्या शेवटचं दीड पान उरकायचं, आणि मग ठरवायचं, घरी न्यायचं की परत करायचं. ग्रंथपालबाई एकदा वैतागून म्हणाल्या होत्या, "अहो, जेवायला बसायच्या आधीच बडीशेप मागताय?" तू मख्खपणे म्हणालास, "बडीशेप बरी असली तर जेवतो."

हसू नकोस, पण शेवट पारखायची माझी कसोटी मला तुझ्या या खोडीमुळंच मिळाली. शेवटचं पान सुटं वाचलं तर हाती फारसं काही लागू नये, आणि पुस्तक वाचत वाचत तिथं पोचलं की तेच पान वाचवेनासं व्हावं. असा शेवट मी खरा मानतो. तुझ्यासारख्या चोराला तिथं काही चोरताच येत नाही.

आता ‘गोदान’ घे. प्रेमचंदांचं, १९३६ सालचं. शेवटच्या पानावर काय आहे? एक शेतकरी मरायला टेकलाय. भोवतीची माणसं म्हणतात, गोदान करून घ्या, आता वेळ आलीय. बायको उठते, त्या दिवशी सुतळी विकून आलेले वीस आणे आणते, नवऱ्याच्या गार पडलेल्या हातावर ठेवते आणि समोरच्या ब्राह्मणाला सांगते की घरात ना गाय आहे ना वासरू, हेच पैसे, हेच यांचं गोदान. आणि कोसळते. जिन्यात उभं राहून हे वाचणाऱ्याला हळहळ वाटेल, नाही असं नाही. पण तेवढी हळहळ पेपरातल्या बातमीनंही वाटते.

आता पहिल्या प्रकरणापासून चालत ये. होरी जमीनदाराला भेटायला निघालाय आणि वाटेत भोलाच्या गाई दिसतात. दारात एक गाय बांधलेली असावी, बास, एवढीच त्याची हौस. ती गाय येते, आणि सख्खा भाऊ तिला विष घालतो. मग पोलीस, पंच, दंड, सावकार, व्याजावर व्याज. गाय राहते बाजूलाच. शेवटी शेवटी नातवाला दूध मिळावं म्हणून पुन्हा गाईचा ध्यास घेतो. दिवसा भर उन्हात खणायची मजुरी आणि रात्री नवरा-बायको मिळून सुतळी वळणं. मे महिन्यात आपल्याकडं रस्त्याच्या कामावर पाट्या वाहणारी माणसं पाहिलेल्याला ते ऊन वेगळं समजावून सांगावं लागत नाही. होरी त्या उन्हानंच जातो. वीस आणे, म्हणजे सव्वा रुपया, त्या सुतळीचे. गाय यावी म्हणून वळलेली सुतळी गाईच्या नावानं ब्राह्मणाच्या हातावर पडली. त्या ब्राह्मणाला ती दक्षिणा दिसते. जमलेल्यांना रीत पार पडलेली दिसते. त्या सव्वा रुपयाचा सगळा हिशेब त्याच्या बायकोला, धनियाला माहीत असतो आणि आपल्याला. धनिया तर बेशुद्ध पडलीय. उरलो आपण एकटे.

मला जे म्हणायचंय ते हेच. चांगला शेवट आपल्या ओंजळीत अशी एखादी वस्तू टाकतो, जिची किंमत त्या जागी उभ्या असलेल्या कुणालाच ठाऊक नसते. आपल्याला ठाऊक असते, कारण आपण चारशे पानं त्या माणसांबरोबर काढलेली असतात. वाचल्याचं चीज होतं म्हणतात ते असं.

आणि जाता जाता, ‘गोदान’मधली मेहता आणि मालती या शहरी जोडीची प्रकरणं लांबली म्हणून सगळे नाकं मुरडतात ना, मला ती लांबी पाहिजेच वाटते. मध्ये गाय विसरायला हवी. विसरलीच नाही तर शेवटी तिची आठवण अंगावर येणार कशी?

हेच दुसऱ्या टोकाला जाऊन बघ. पु.लं.नी मराठीत आणलेलं ‘एका कोळियाने’. मूळ हेमिंग्वेचं, १९५२ सालचं. चौऱ्याऐंशी दिवस एक मासा न गावलेला म्हातारा, मग तो होडीपेक्षा लांब मासा, आणि मग शार्क. ते सगळं तुला तोंडपाठ आहे. पण शेवटच्या पानांतली ती बाई आठवते का? किनाऱ्यावरच्या हॉटेलात पर्यटक आलेत. रिकामे बिअरचे डबे वगैरे तरंगत असलेल्या पाण्यात त्या बाईला एक लांबच्या लांब पाठीचा कणा आणि मोठी शेपटी दिसते. हे काय म्हणून ती वेटरला विचारते. तो बिचारा मोडक्यातोडक्या भाषेत घडलं ते सांगायला जातो, पण तोंडातून शार्क एवढाच शब्द धड बाहेर पडतो. झालं! बाईला वाटतं हा सांगाडा शार्कचाच, आणि ती म्हणते की शार्कची शेपटी इतकी सुंदर असते हे मला माहीत नव्हतं. त्यानंतर म्हातारा झोपलेला, स्वप्नात सिंह बघतोय, आणि पुस्तक संपतं. लोक त्या सिंहांचं कौतुक करतात. मला विचारशील तर पुस्तक खरं त्या बाईच्या वाक्यावर संपतं. एखाद्याचं अख्खं आयुष्य पणाला लागलं, आणि बघणाऱ्याला तो सुंदर शेपटीचा भलताच मासा वाटला. आपल्याला ओरडून सांगावंसं वाटतं, अहो बाई, तो शार्क नव्हे! पण पुस्तकात आपला आवाज कुठं जातो?

आता आपल्या घराजवळ येतो. सांगोल्याच्या पुढं आटपाडी, तो माणदेश. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ सालची, तरी तिथली कोरडी हवा अजून पानांतून लागते. त्यातलं शेवटचं पान सुटं वाचलंस तर एक मास्तर बदली होऊन गाव सोडून चाललाय, एवढंच कळेल. सरकारी नोकरीत हे रोजचंच. पण हा मास्तर आला तेव्हा शाळेत पोरंच नव्हती, सगळी मेंढरांमागं. एकेकाला गोळा करून त्यानं शाळा उभी केली. गावानं राबून तालीम बांधली, उद्घाटनाला राजा आला. आणि मग दुष्काळ. मेंढरं घेऊन एकेक घर जगायला बाहेर पडलं. शाळा पुन्हा रिकामी. पहिल्या दिवशी होती तशीच, पण तशीच नव्हे, कारण या खेपेला बाकांवर नसलेल्या प्रत्येक पोराचं नाव आपल्याला माहीत आहे. माडगूळकरांनी शेवटी एक अश्रू गाळलेला नाही. बदलीचा हुकूम आणि मास्तर निघाला. असं कोरडं लिहायला छाती लागते. दुसरा कुणी असता तर वेशीवर एखादं कुत्रं तरी बसवलं असतं.

दुष्काळ निघालाच आहे तर ‘गाइड’बद्दलचं आपलं जुनं भांडण मिटवून टाकतो. तू देव आनंदच्या बाजूचा, मी आर. के. नारायणांच्या. १९६५ च्या सिनेमात राजू मरतो आणि धो धो पाऊस पडतो. १९५८ च्या पुस्तकात पावसासाठी धरलेल्या उपासाच्या अकराव्या दिवशी त्याला नदीत नेतात, तो वेलन या गावकऱ्याला सांगतो की डोंगरात पाऊस पडतोय, पायाखालून वर चढत येतोय, आणि खाली बसकण मारतो. पुढं काही नाही. पाऊस आला की नाही? राजू वाचला की गेला? तू म्हणतोस ही फसवणूक आहे. सोलापूरच्या माणसानं तरी असं म्हणू नये! जुलैत चार चार दिवस ढग येतात, पार सिद्धेश्वर तलावावर वाकतात आणि तिकडं लातूरकडं निघून जातात. आपल्याइतकं या शेवटाला कुणी ओळखायचं?

पण ते सोड. नारायणांना तो सिनेमा रुचला नव्हता, यावर त्यांनी स्वतः खुमासदार लिहिलंय. मुद्दा असा, की राजू हा भोंदू. तुरुंगातून सुटून देवळाच्या पायरीवर टेकला, लोकांनी साधू ठरवलं, आयतं खायला मिळतंय म्हणून हाही बसून राहिला. उपासही गळ्यात पडला तो निरोप उलटा पोचल्यामुळं. मात्र एका टप्प्यावर त्याला वाटून जातं, की आयुष्यात पहिल्यांदाच आपण असं काही मनापासून करतोय ज्यात आपला काही फायदा नाही. पुस्तक तिथंच फळतं. त्यानंतर पाऊस आला काय, न आला काय. पाऊस ही भोवतालच्या गर्दीची गरज. ज्यानं फक्त शेवटचं पान वाचलंय तोही गर्दीतलाच, म्हणून त्यालाही पाऊस लागतो. सिनेमानं गर्दीची सोय बघितली, एवढंच.

याच हिशेबानं मला ‘मृत्युंजय’चा शेवट तितका आवडत नाही. मारशील मला, ठाऊक आहे. कर्णाची आपल्याला लागलेली ओढ मी नाकारत नाही, अकरावीत मीही ते उशाशी घेऊन झोपायचो. पण शेवटचा भाग श्रीकृष्णाच्या तोंडी दिलाय. कृष्णाला सगळंच माहीत. तो सगळं जाणतो, सगळं उलगडून सांगतो, मग वाचणाऱ्यानं करायचं काय? हात जोडायचे. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’त बघ कसं केलंय. मुकुंद नववी संपवून दहावीत जातो. घरच्यांच्या दृष्टीनं सगळं ठीक चाललंय, पोरगं महत्त्वाच्या वर्षाला लागलं. त्याला आवडणारी शिरोडकर गाव सोडून गेली, तर कुणाचं काय बिघडलं? काय बिघडलं ते आपल्याला विचारा. आणि ‘रणांगण’चं तर तू बोलूच नकोस, शेवटी येणारी हॅर्टाची पत्रं तू आधी वाचलीस आणि गोष्ट जिच्यावर घडते ती बोट नंतर पकडलीस, असला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

वाईट शेवटांची यादी करत बसत नाही, तुझ्याच पत्रात ती भरपूर आहे. फक्त एक भर घालतो. हल्ली काही सुचेनासं झालं की ‘शेवट वाचकांवर सोडलाय’ म्हणायची पद्धत पडलीय. नारायणांनी सोडलाय, पण सोडण्याआधी राजूचं जे व्हायचं ते पूर्ण केलंय. नुसतं लिहायचं थांबलं म्हणजे शेवट होत नाही रे. तुला टोचलेली कादंबरी या जातीची असेल, तर तुझा राग रास्त आहे.

तू आता म्हणशील, शेवट माहीत असला तर एवढं काय बिघडतं, गड्ड्याला, आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेला येणाऱ्या लाखभर माणसांना शेवट माहीत नसतो का? यंदाही अक्षता सोहळ्याला गेलो होतो. लग्न लागतं त्या संमती कट्ट्यापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं, सगळीकडं पांढऱ्या बाराबंद्या आणि डोकी. मंगलाष्टका ऐकू आल्या तशा उभे होतो तिथूनच अक्षता टाकल्या. शेजारी एक म्हातारी कन्नडमधून पुटपुटत होती, डोळे पुसत होती. सिद्धरामेश्वरांनी लग्नाला नकार दिला, कुंभारकन्येनं हट्ट धरला, मग त्यांच्या योगदंडाशी लग्न लागलं. आणि दुसऱ्या दिवशी होम मैदानावर बाजरीच्या पेंढीला ती कुंभारकन्या मानून शालू नेसवून अग्नी देणार, हे त्या म्हातारीला जन्मापासून ठाऊक. तरी आज अक्षता टाकताना डोळे भरले. किंबहुना उद्याचं ठाऊक होतं म्हणूनच भरले असतील. तेव्हा शेवट आधी कळण्याला माझी हरकतच नाही. थेऊरला माधवराव पेशव्यांचं काय होणार हे माहीत असूनच सगळ्या महाराष्ट्रानं ‘स्वामी’ वाचली. पण त्या म्हातारीला शेवटाबरोबर सगळी गोष्टही ठाऊक होती, आणि तुला जिन्यात नुसती पेंढी दिसते. फरक एवढाच.

आता तुला एक काम. डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ला दोन शेवट आहेत. १८६१ मध्ये छापून आला तो एक, पडक्या वाड्याच्या बागेतला. धुकं उठतंय, नायक पिप आणि त्याचं जिच्यावर प्रेम आहे ती एस्टेला हात धरून बाहेर पडतात, आणि पिपला पुढं ताटातूट दिसत नाही. हा त्यानं बुलवर-लिटन या लेखक मित्राच्या सांगण्यावरून बदलून लिहिला. आधीचा त्याच्या मृत्यूनंतर फोर्स्टरनं लिहिलेल्या चरित्रातून लोकांपुढं आला. त्यात पिप लंडनच्या रस्त्यानं ज्यो या आपल्या मेव्हण्याच्या लहान मुलाचं बोट धरून चाललाय. एस्टेला घोडागाडीत आहे, तिनं दुसरं लग्न केलंय. ती पोराला वर उचलून द्यायला सांगते, त्याचा मुका घेते. पोर पिपचंच असावं असं तिला वाटतं. पिप तिची समजूत दुरुस्त करत नाही. दोघं आपापल्या वाटेनं जातात.

मी कुठला घेणार हे वेगळं सांगायला नको. ते पोर त्याचं नाही, हे एस्टेलाला कधीच कळणार नाही, आणि तो का बोलला नाही हे आपल्याला न सांगता कळतं. तू बागेतलाच घेशील, तुला माणसं एकत्र आलेली आवडतात. घे. पण दोन्ही वाच, पहिल्या प्रकरणापासून वाच, आणि कारणांसकट लिही. नुसतं ‘हा बरा वाटला’ लिहिलंस तर उत्तर देणार नाही.

शेंगा चटणी आणि कडक भाकरी धाकट्याबरोबर पाठवतोय, तो शुक्रवारी हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला येतोय. स्टेशनवर घ्यायला जा, त्याला तुझं नवं घर माहीत नाही. काकूंना नमस्कार.

तुझा,
दिग्या