वेताळ टेकडीएवढ्या डोंगरावरचा बर्फ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोरोनाच्या निर्बंधांमुळे सुट्टीत कुठेच जाता आलं नाही, अशी खंत व्यक्त करणारी पत्रं आपल्या अंकात वाचली. मी मूळची पुण्याची, सध्या राहते एडिनबरात. इथला 2021 चा हिवाळा कळवावासा वाटला.

स्कॉटलंडमध्ये 5 जानेवारी 2021 पासून घरीच राहण्याचा नियम लागू झाला. व्यायामाला बाहेर पडायची मुभा होती, पण आपल्या पालिकेच्या हद्दीपलीकडे पाच मैलांपर्यंतच. ग्लेनशी, केर्नगॉर्म ही स्कीइंगची ठिकाणं गाडीने दोन-तीन तासांवर. एरवी इथला बर्फ बेभरवशाचा. त्या हिवाळ्यात मात्र भरभरून पडला. 11 फेब्रुवारीला ग्लेनशीजवळच्या ब्रेमार गावात पारा उणे 23 अंशांवर उतरला. ब्रिटनमध्ये 1995 नंतर एवढी थंडी नोंदली गेली नव्हती. मी खिडकीतून बर्फ बघत हळहळत होते.

मग शहराजवळचे पेंटलंड डोंगर आठवले. पुणेकर वेताळ टेकडीवर जातात, तसे एडिनबराचे लोक या डोंगरांवर फिरायला जातात. त्यातला ॲलरम्यूर जेमतेम 493 मीटरचा. तिथे स्की करणाऱ्यांना वर नेणारी लिफ्ट नाही, म्हणून स्कीच्या तळाला स्किन्स लावायच्या. या पट्ट्यांची लव पुढे सरकू देते, मागे घसरू देत नाही. पूर्वी त्या सीलच्या कातड्याच्या असत. तासभर घाम गाळत चढायचं, पट्ट्या सोलून काढायच्या आणि काही मिनिटांत खाली! खडकाऐवजी गवत असल्याने वीतभर बर्फही पुरतो. वारा तो दगडी बांधांच्या आडोशाला आणून टाकतो. कुठल्या बांधाशी किती साठतो, हे मला आता पाठ झालंय. बारा वर्षं इथे राहून हा डोंगर मी पाहिलाच नव्हता.

उतार मुद्दाम सोपे निवडले. इथली डोंगरी बचाव पथकं स्वयंसेवकांची आहेत आणि रुग्णालयं भरलेली होती. अशा वेळी पाय मोडून घेणं मला पटलं नसतं.

म्हणून एक विनंती. आपल्या पर्यटन पुरवणीत अशा निर्बंधांच्या काळात तरी लांबच्या ठिकाणांऐवजी प्रत्येक शहराजवळच्या टेकड्या, ओढे, पायवाटा यांवर लिहून घ्यावं. ‘जाऊ नका’ एवढंच ऐकून माणसं कंटाळतात. जवळ काय आहे, हेही त्यांना कळू द्या.

वाईट वाटतं ते लिफ्ट चालवणाऱ्यांचं, स्की शिकवणाऱ्यांचं. इतक्या वर्षांनी असा बर्फ आला आणि त्यांची कमाई बुडाली. ग्लेनशी उघडलं की पहिलं तिकीट तिथलंच काढायचं, असं तेव्हाच ठरवलं होतं.

– एक वाचक, एडिनबरा